बँकॉकचं नाव काढलं की डोळा मारणाऱ्यांसाठी

आईला घेऊन बँकॉकला चाललेय म्हटल्यावर निम्म्या लोकांनी "आईला? तिथे?" असं विचारलं. पुरुष निघाला की डोळा मारायचा आणि बाई निघाली की खरेदीची यादी हातात द्यायची, एवढंच बँकॉक आपल्या डोक्यात आहे. मला याचा खरंच राग येतो. टूरवालेही याच समजुतीवर धंदा करतात. विमानतळावरून थेट शंभराहून जास्त किलोमीटरवरचं पटाया, आणि परतताना बँकॉकमध्ये एक मॉल, एक बुद्धमूर्ती, की चला बसमध्ये!

हाताशी तीन-चारच दिवस असतील तर पटाया सरळ गाळा. मुक्काम बँकॉकमध्येच करा, तोही चाओ फ्राया नदीलगतच्या जुन्या शहरात.

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने तेव्हाची राजधानी अयुथया बेचिराख केली. त्यानंतर काही वर्षं राजधानी नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला होती. १७८२ मध्ये 'पहिला राम' या राजाने ती पूर्व काठावर आणली. आजचे राजेही दहावे राम आहेत. राजवाड्याच्या आवारात वाट फ्रा केव ('वाट' म्हणजे मंदिर) हे पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे (मूर्ती खरं तर पाचूची नाही, हिरव्या दगडाची आहे). बहुतेक ग्रुप मूर्तीपुढे हात जोडून बाहेर पडतात. पण मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत भिंतीभर १७८ चित्रांमध्ये अख्खं रामायण रंगवलंय, थाई लोकांचं 'रामाकियेन'. आई तिथून हलेना. मुकुटांवर सोन्याचा वर्ख, दहा तोंडांचा हिरवा रावण आणि जागोजागी पांढराशुभ्र मारुती. हा मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाच्या मुलीशी, एका मत्स्यकन्येशी, त्याचं जुळतं आणि त्यांना मुलगाही होतो. मला वाटलं आईला हे रुचणार नाही. ती म्हणाली, "मग, आपल्याकडे मकरध्वज नाही का?" आणि पुढच्या चित्राकडे वळली.

सकाळी साडेआठला दार उघडतं, तेव्हाच आत शिरा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर कुणी "आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे फिरवतो" म्हणालं तर थांबू नका, दारापर्यंत जाऊन स्वतः बघा. पर्यटकांना दुकानांत नेऊन सोडायची ती जुनी युक्ती आहे.

तिथून वाट फो चालत जाण्याजोगं. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, पण मला त्याचे तळवे जास्त आवडले: शिंपल्यात जडवलेली १०८ शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला ओळीने १०८ कांस्यपात्रं ठेवलेली, लोक एकेका पात्रात नाणं टाकत पुढे सरकतात, आणि त्या नाण्यांचा बारीक आवाज सगळ्या दालनात सतत चालू असतो. शेजारच्या था तियन धक्क्यावरून होडीने पलीकडे गेलं की वाट अरुण.

शहर फिरायला टॅक्सी नको, ट्रॅफिकमध्ये जीव नकोसा होतो. बीटीएस ही पुलावरून धावणारी रेल्वे आहे, मेट्रो आहे, पण मला सगळ्यात आवडली ती सेन सेप कालव्यातली बोट. पाण्याला वास येतो, हे खरंय. पण ऑफिसला जाणारी माणसं त्यातूनच रोज जातात. धक्क्याला बोट जेमतेम टेकते, तेवढ्यात चढायचं. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या काठावरून चालत तिकिटं फाडतात. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेला माणूस दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतो, नाहीतर सगळे भिजतात. आईला ती दोरी ओढायचं काम मिळालं आणि तिने ते जुन्या शहराकडच्या शेवटच्या धक्क्यापर्यंत चोख केलं.

त्या धक्क्यापासून थोडं चाललं की उंच लाल झुल्याची चौकट आणि जवळच 'देवस्थान' नावाचं शंकर, गणपती, विष्णूचं देऊळ. राजघराण्याचे विधी आजही इथले ब्राह्मण करतात. टूरच्या कार्यक्रमात हे देऊळ मी तरी कधी पाहिलेलं नाही.

राहिला जेवणाचा प्रश्न, ज्यापायी आपल्याकडचे लोक थेपले आणि भारतीय बुफे धरून बसतात. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, माशाचा सॉस बहुतेक सगळ्यात असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं असलेली गाडी शोधा. ते 'जे' जेवण: मांस-मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. आईच्या चातुर्मासात बसणारं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा 'जे' उत्सव असतो, तेव्हा याओवारातच्या चिनी वस्तीत या पताका रस्ताभर लागतात. शाकाहारी असाल तर त्या वर्षीच्या तारखा बघून मगच तिकीट काढा.