एक बुडबुडा, चार वॉशर

पावसाळ्यात गोव्यातल्या गाईला डांबरावर बसायला आवडतं. शेतात चिखल, गोठ्यात डास. रस्ता त्यातल्या त्यात कोरडा. आणि बसते ती नेमकी वळण संपल्या संपल्या. स्पोर्ट्स बाइकवाल्याला आपल्या ब्रेकबद्दल पहिला गंभीर विचार सुचतो तो इथे. गाय उठत नाही. हा थांबतो, कसाबसा. आणि त्याच रात्री हुमणाचं ताट थंड होऊ देत मोबाइलवर मोठ्या डिस्कचे नि सोनेरी कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) फोटो बघत बसतो.

माझं मत विचाराल तर (कोणी विचारत नाही, खर्च करूनच येतात) हे म्हणजे घर गळतं म्हणून झुंबर आणण्यासारखं आहे. गाडी शेवटी टायरच थांबवतो. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एबीएसला (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागं करू शकत असेल, तर जोराची कमतरता नाही. कमी पडतं ते हाताला कळणं आणि तापल्यावर टिकणं. नव्या केटीएम आरसी ३९० ला कंपनीनेच ३२० मिलिमीटरची डिस्क आणि चार पिस्टनचा बायब्रे कॅलिपर दिलाय. बायब्रे हे ब्रेम्बो या नामांकित ब्रेक कंपनीचंच लहान गाड्यांसाठीचं भावंड. त्यावर आणखी किती सोनं चढवणार? आधी ऑइल, मग पॅड, मग नळी. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. झिजून ती तिथवर आली तरच तिला हात लावायचा.

ऑइलपासून सुरुवात करा म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण ऑइल फोटोत दिसत नाही. पण जून लागला की आपल्याकडे मिठाच्या बरणीत मीठ पाझरतं आणि आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. ब्रेक ऑइलची जात तीच, हवेतली ओल ते पिऊन घेतं. मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरजवळचा, ऑइल पुढे ढकलणारा) मात्र तांदूळ टाकता येत नाहीत. डॉट ४ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. चोर्ला घाट उतरताना कॅलिपर तापतो, आतलं पाणी वाफ होतं, वाफ दाबली जाते आणि लिव्हर निवांत हँडलला जाऊन टेकतो. कंपनी बहुधा दोन वर्षांनी बदला म्हणते. मी म्हणेन गोव्यात दरवर्षी, चवथीच्या आसपास, पावसाचा जोर ओसरला की. अडीचशे मिलीची सीलबंद बाटली पुढच्या ब्रेकला पुरून उरते. उरलेली कपाटात जपून ठेवू नका, ती तिथे बसूनही ओल पीत राहते. डॉट ५.१ घेतलंत तर मर्यादा २६० आणि १८०. पण नुसतं डॉट ५ दिसलं तर बाटली परत ठेवा. ते सिलिकॉनचं, ५.१ शी त्याचं फक्त आडनाव जुळतं. एबीएसच्या गाडीत त्याला जागा नाही.

पॅडच्या पाठीवर दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफपेक्षा जी चांगला, जीपेक्षा एच. सिंटर्ड पॅड, म्हणजे धातूची भुकटी दाबून भाजलेले, पावसात लवकर धरतात, म्हणून आपल्याकडे तेच बरे. डिस्क त्यांना चालणारी आहे ना, एवढं पाहायचं. पॅड काढलेच आहेत तर कॅलिपरला सरकत्या पिना असतील तर त्या बाहेर काढा. किनाऱ्याजवळच्या गाडीत त्या हमखास अडकलेल्या सापडतात, आणि अर्ध्या लोकांचा 'ब्रेक कमी पडतो' हा आजार तिथेच बरा होतो. वंगण मात्र सिलिकॉन ग्रीसचंच. चेनचं किंवा बेअरिंगचं ग्रीस लावलंत तर रबर फुगून पिना पुन्हा जाम. रॉकेलने कॅलिपर धुण्याची आपली पिढीजात सवयही इथे सोडायची; सील खराब होतात.

आता स्टीलच्या जाळीची नळी. आत टेफ्लॉन, बाहेर स्टीलची वीण. रबरी नळीसारखी दाबाने फुगत नाही, म्हणून बोटाचा जोर वाया जात नाही. सगळ्या खर्चात हा खर्च मला सर्वात प्रामाणिक वाटतो. लांबी मोजताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं आणि पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांबवायचा, नाहीतर पहिल्या खड्ड्यात नळी ताणली जाते. प्रत्येक बॅन्जो बोल्टला (नळीचं गोल टोक, म्हणजे बॅन्जो, धरणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे दोन वॉशर, बॅन्जोच्या खाली एक, वर एक. साध्या गाडीत चार. एबीएसच्या गाडीत नळी आधी एबीएसच्या मॉड्यूलला (दाब सांभाळणाऱ्या पेटीला) जाते आणि तिथून कॅलिपरला. सगळे जोड बॅन्जोचे असले तर आठ. ते नवेच हवेत, कारण जुना वॉशर एकदा दाबून चपटा झालेला असतो आणि पुन्हा तसा बसत नाही. तो रात्रभर एकेक थेंब गाळतो. थेंब रंगावर पडला की रंग सोलतो, म्हणून टाकीवर जुनं लुगडं घाला आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. हे ऑइल पाण्याने धुतलं जातं. वॉशर आणायचे विसरलात आणि घड्याळात दीड वाजला असेल, तर म्हापशातलं दुकान साडेतीनला उघडेपर्यंत गाडी तशीच उघडी राहणार आणि मोकळ्या तोंडाने ओल पिणार. गोव्याची दुपार कोणाच्या ब्रेकसाठी थांबत नाही.

ऑइलच्या डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू हा स्वतंत्र अध्याय आहे. खाऱ्या हवेने ते चिकटलेले, त्यात जपानी गाडी असली तर खाच जपानी मापाची. घरातला साधा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर चढतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी मापाचा घ्या, मागून हातोडीचा हलका ठोका द्या, मग दाबून फिरवा.

मास्टर सिलिंडर मोठा बसवला की ब्रेक जोरात लागतो, हा समज इतका घट्ट आहे की लिव्हरही तितका घट्ट होत नाही. होतं उलटं. पिस्टनचा व्यास १३ वरून १५ मिलिमीटर केला, तर क्षेत्रफळ साधारण ३३ टक्के वाढतं आणि तेवढ्याच ब्रेकसाठी बोटांना तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. लिव्हर दगडासारखा लागतो, म्हणून माणूस खूश. गाय पुन्हा तिथेच.

आणि मग एअर काढायची. इथे माणसाची परीक्षा. कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) बहुधा आठचा रिंग पाना, वर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. लिव्हरवर दुसरा माणूस लागतो, म्हणजे घरातला जो कोणी पळून गेला नसेल तो. पद्धत सोपी: त्याने दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा उघडायचं, लिव्हर खाली जातो, तुम्ही निपल बंद करायचं, आणि मगच त्याने सोडायचं. सगळा घोळ 'सोड' या शब्दात आहे. तुम्ही स्वतःशीच पुटपुटता, 'आता सोडतो', म्हणजे निपल. तो ऐकतो 'सोड' आणि लिव्हर सोडतो. निपल उघडं, लिव्हर परत येताना हवा आत, पाऊण तासाची मेहनत मातीत. म्हणून दोनच शब्द ठरवा, 'दाब' आणि 'वर'. 'सोड' हा शब्द गाडीच्या दहा फुटांत उच्चारायचा नाही. वरच्या डबीवर नजर ठेवा. ती रिकामी झाली की पुन्हा श्रीगणेशा.

एवढं करूनही एक बुडबुडा राहतोच. तो बहुतेकदा मास्टर सिलिंडरजवळच्या बॅन्जोत बसतो, कारण हवा वर जाते आणि निपल खाली असतं. हँडल वळवून मास्टर सर्वात उंच करा, बॅन्जोवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. तरी लिव्हर मऊच लागला, तर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने तो हँडलला आवळून रात्रभर ठेवा. बारीक हवा हळूहळू वर सरकते आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर डबीत निघून जाते. गॅरेजवाला 'फाल्यां येयात' (उद्या या) म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी तो आळसच असतो असं नाही, कधी कधी ते शास्त्र असतं. मॉड्यूलमध्ये अडकलेली हवा मात्र पट्टीला दाद देत नाही. तिला स्कॅनर लावून पंप चालवणारा माणूस गाठावा लागतो.

चाक फिरवण्याआधी लिव्हर दहा-बारा वेळा पंप करा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि हे फाटकाबाहेरच्या उतारावर कळणं बरं नव्हे. मग पॅड डिस्कला बसवायचे: ५० च्या वेगावरून १० पर्यंत, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं निवू देत. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पॅड दाबून धरलात तर डिस्कवर डाग राहतो आणि लिव्हर थरथरतो. पहाटे, पाववाल्या पोदेराच्या भोंग्याच्या वेळी रस्ता मोकळा असतो. नाक्यावर फक्त पिवळ्या-काळ्या भाड्याच्या मोटारसायकलचे दोन पायलट असतात आणि ते चहा घेत हा विनोद बघतात: माणूस जोरात येतो, ब्रेक लावतो, थांबत नाही, परत जातो. आठव्या खेपेला त्यांतला एक हात करून ओरडतो:

'पात्रांव, फाटलो दिवो पेटना!'

आणि तेव्हा, मागचा दिवा पेटत नाही हे ऐकून, बोट मास्टर सिलिंडरच्या खाली जातं, जिथे ब्रेकच्या स्विचच्या दोन बारीक वायरी कालपासून मोकळ्या लोंबत असतात.