उलंगवाडीनंतरचे वाचन

कपाशीची उलंगवाडी, म्हणजे हंगामाची अखेर, झाली की आमच्या गावाकडे हाताला थोडी उसंत मिळते. यंदा त्या उसंतीत जी पुस्तके वाचून झाली, त्यांविषयी मोकळेपणाने लिहीत आहे. पुस्तक कोणत्याही प्रकारचे असो, लेखकाला माणसांचे काम आणि त्या कामातले कष्ट ठाऊक आहेत की नाहीत, हे मी आधी पाहतो. ते ठाऊक नसतील, तर देखणी भाषासुद्धा पोकळ वाटते.

या कसोटीला उद्धव शेळके यांची १९६० सालची 'धग' पुरेपूर उतरते. कादंबरीची नायिका कौतिक हिचा नवरा महादेव कामात टिकत नाही, पुढे त्याला महारोग जडतो आणि घराचा सारा भार तिच्यावर येऊन पडतो. तरी लेखक तिच्या नावाने उसासे टाकत बसत नाही. तिचे वऱ्हाडी बोलणे इतके नेमके आहे की, आमच्या वावरात निंदणाला येणाऱ्या बायांचा आवाज मला पानोपानी ऐकू येत होता. ही कादंबरी फार काळोखी आहे, असे अनेकांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. शेवटी कौतिकच्या मनाचा तोल जातो हे खरे, परंतु तोवर ती ज्या जिद्दीने झुंजते, ती जिद्दच या कादंबरीचा खरा विषय आहे.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'विषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीतला शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ आमच्याकडे गावोगावी भेटतो आणि त्याच्या घरातली भांडणे अस्सल आहेत. पण काही ठिकाणी पात्रे शेतीच्या प्रश्नावर लेख वाचून दाखवल्यासारखी बोलतात. तेवढी पाने कमी असती, तर कादंबरी अधिक बोचली असती.

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' खरे तर विद्यार्थ्यांच्या हाती दिले जाते, पण ते कापूस पिकवणाऱ्याने वाचावे असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात वर्षानुवर्षे कापूस घेऊन जमिनी निकस झाल्या होत्या. गुलामगिरीत जन्मलेल्या कार्व्हर या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने तिथल्या गरीब शेतकऱ्यांना चवळी, भुईमूग अशी जमिनीला नत्र देणारी पिके आलटून-पालटून घ्यायला शिकवले. आमचे वाडवडील पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात, तुरीचे तास (ओळी) का टाकत आले, याचे शास्त्र मला या संदर्भात नव्याने उमगले. चरित्रनायकाविषयीची भक्ती मात्र जरा अधिक झाली आहे. त्याचे दोष आणि त्याच्या मर्यादाही मला वाचायला आवडल्या असत्या.

मारुती चितमपल्ली यांच्या 'चकवाचांदण' या आत्मचरित्रात पक्ष्यांची आणि झाडांची माहिती कधी कधी फार दाटते. तरीही नवेगावबांधच्या जंगल परिसरातील लोकांकडून चितमपल्ली जे शिकले, ते त्या लोकांच्याच नावावर ठेवण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. जंगलाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो अंगी बाणवावा.

सुरेश भटांचा 'एल्गार' मी सलग वाचला, आणि सलग वाचू नये अशा मताला आलो. एकापाठोपाठ एक गझला वाचल्या की त्यांतला संताप एकसुरी वाटू लागतो. रोज एकच वाचली, तर तिचा प्रत्येक शेर स्वतंत्रपणे भिडतो.