शॉक लागलेल्या माणसाला मातीत पुरू नका

शेतात कुणाला शॉक लागला की अजूनही कितीतरी गावांत आधी खड्डा खणायची धावपळ होते. माणसाला गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, म्हणजे 'अंगातला करंट माती ओढून घेते'. अहो, अंगात करंट साठून राहतच नाही! तारेपासून माणूस सुटला की त्याला खुशाल हात लावता येतो. पण त्याच वेळी त्याचं हृदय बंद पडलेलं असू शकतं, आणि आपण छातीवर माती लोटत बसतो. या अडाणीपणाचा मला मनापासून राग येतो.

आधी वीज बंद करा. मेन स्विच, स्टार्टर, जे हाताशी असेल ते. नाहीच जमलं तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या काठीनं वायर बाजूला सारा. पण हे घरातल्या 230 व्होल्टपुरतंच. 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या तारेपुढे कोरडी काठीही कामाची नाही. तार तुटून पडली असेल तर लांबच थांबा, वायरमनला किंवा वीज तक्रारीच्या 1912 या नंबरला फोन लावा, आणि लाईन बंद झाल्याचं पक्कं कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाला सोडवायला गेलेला दुसराही गेला, अशा बातम्या आपण वाचतोच की.

माणूस शुद्धीवर नसेल, श्वास नसेल, तर कुणीतरी 108 ला फोन करा आणि दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा. निदान 5 सेंमी खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दमलात तर दुसऱ्याला दाबायला लावा, पण थांबू नका.

आता भाजल्याचं. इथे शिकलेली माणसंही फसतात, कारण जखम किरकोळ दिसते. आमच्या भागात एक तरुण डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर फ्यूज टाकायला गेला. तळहातावर रुपयाएवढा पांढुरका, कडक डाग, मधे काळा खड्डा. तसाच एक टाचेला. फारसं दुखतही नव्हतं. घरच्यांनी हळद लावून त्याला झोपवलं. संध्याकाळी त्याला लघवी झाली ती काळ्या चहासारखी, आणि हात कोपरापर्यंत टरटरून फुगला.

वीज एका जागी शिरते, दुसऱ्या जागेतून बाहेर पडते आणि वाटेतले स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आतून भाजून काढते. मेलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकतं आणि किडनी निकामी होऊ शकते. कातडीवरच्या डागावरून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून वीज बंद झाल्यावर आणि श्वास नीट चालू असेल तर भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळदही नको. अंगठी, घड्याळ, कडं, जोडवी सूज चढायच्या आत काढा. जागा स्वच्छ सुती कापडानं सैलसर झाका, फोड फोडू नका. खांबावरून पडला असेल तर मान-पाठ हलवू नका, मणका मोडलेला असू शकतो.

मग माणूस बोलतोय, चालतोय, चहा मागतोय, तरी दवाखान्यात न्याच. ईसीजी काढायला सांगा, कारण शॉकनंतर हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात. डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगा: घरची लाईन होती की 11 केव्ही, वायरला किती वेळ चिकटला होता, आणि उंचावरून पडला का. आणि लघवीचा रंग बदललेला दिसला तर तेही लगेच सांगा.