राज्यं दिली म्हणून देश फुटतात?

एक दावा सध्या फार फिरतोय. वांशिक किंवा भाषिक गटांना स्वतःची राज्यं दिली की देश फुटायला लागतो. सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया हा पुरावा. तेव्हा एक भाषा आणि बळकट केंद्र हाच उपाय.

आधी पुरावाच बघू. सोव्हिएत संघातल्या 15 प्रजासत्ताकांना बाहेर पडायचा हक्क होता, पण कागदावर. निर्णय व्हायचे ते कम्युनिस्ट पक्षात. युगोस्लाव्हिया 1974च्या घटनेनंतर खरंच सैल होता, हे मान्य. पण 1990 मध्ये तिथे बहुपक्षीय निवडणुका झाल्या त्या एकेका प्रजासत्ताकात. अख्ख्या देशाची अशी निवडणूक कधी झालीच नाही. सगळ्यांच्या दारात मतं मागायला जावं लागेल, असा नेता मग येणार कुठून? शिवाय 1989 मध्ये सर्बिया या तिथल्या प्रजासत्ताकाने आपल्यातल्याच कोसोव्हो प्रांताची स्वायत्तता काढून घेतली, ते सांगायचं नेमकं राहून जातं.

‘एक भाषा’ हा उपाय पाकिस्तानने करून पाहिला. 1948 मध्ये जीनांनी ढाक्यात जाऊन राष्ट्रभाषा उर्दूच, असं बजावलं. 21 फेब्रुवारी 1952 रोजी बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 1956च्या घटनेत बंगालीला मान मिळाला, पण तोवर मनं विटली होती. पुढचं 1971 सर्वांना माहीत आहे. इरिट्रियाचंही तेच. 1952 मध्ये तो इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला गेला. सम्राटाने त्याचे अधिकार कुरतडत नेले आणि 1962 मध्ये ती व्यवस्थाच मोडीत काढली. तीस वर्षं लढून इरिट्रिया वेगळा झाला.

राज्यं वंशावर आखली की ओळखी घट्ट होतात, या मुद्द्यात मात्र दम आहे. इथिओपियाच्या 1995च्या घटनेने तसंच केलं, आणि 2020 ते 2022 तिथल्या तिग्राई राज्यात भीषण युद्ध झालं. पण म्हणून राज्यंच नकोत? नायजेरियाने वेगळी वाट काढली. स्वातंत्र्याच्या वेळी तिथे तीन अवाढव्य प्रांत होते, प्रत्येकात एका मोठ्या जमातीचा वरचष्मा. मे 1967 मध्ये, पूर्वेकडचा प्रांत बियाफ्रा म्हणून फुटायच्या तोंडावर, त्यांची 12 राज्यं केली. त्यामुळे युद्ध टळलं नाही, पण पुढे मोठे गटही अनेक राज्यांत विभागले गेले. मग 1979च्या घटनेत अट आली: राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर किमान दोन तृतीयांश राज्यांत पाव मतं हवीत.

राज्यं तेव्हा 19. दोन तृतीयांश म्हणजे पावणेतेराच्या जरा आत! 1979च्या निवडणुकीत उत्तरेतले उमेदवार शेहू शागारी यांनी 12 राज्यांत पल्ला गाठला, त्यात दक्षिणेतली रिव्हर्स आणि क्रॉस रिव्हरही. अडलं ते त्यांच्याच उत्तरेतल्या कानोमध्ये. तेराव्या राज्याचा दोन तृतीयांश भाग कसा मोजायचा, हा हिशेब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल शागारींच्या बाजूने लागला. गणित हास्यास्पद होतं खरं, पण उत्तरेतल्या उमेदवाराला दक्षिणेत मतं मागायला लावलं ते त्यानेच.

आता राज्यं 36 आहेत, दोन तृतीयांश बरोबर 24. तरी 2023 मध्ये राजधानी अबुजात पाव मतं वेगळी लागतात का, यावरून पुन्हा कोर्टबाजी झालीच.