दोन बॅटऱ्यांवरून १२ व्होल्ट काढण्याचा सल्ला कुठे फसतो

गोल्फ कार्टला दिवे, हॉर्न, पंखा किंवा म्युझिक सिस्टिम बसवायची म्हटली की एक सल्ला हमखास मिळतो: '४८ व्होल्टच्या पॅकमध्ये ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या असतात. शेजारच्या कोणत्याही दोघींवरून तारा काढा, १२ व्होल्ट तयार. लोड किरकोळ असतो, चार्जर रात्रीत सगळ्यांना सारखे करतो. निगेटिव्ह चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जोडा, तार वाचेल. ४८ चे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर म्हणजे विजेची नासाडी.' हा सल्ला इतका फिरला आहे की लोक तो नियम समजून पाळतात आणि चांगले पॅक अकाली घालवून बसतात.

मीटर लावला तर दोन बॅटऱ्यांवर १२ व्होल्ट दिसतात हे खरे, दिवाही लागतो. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. नुकसान काही महिन्यांनी कळते आणि तोवर दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

'चार्जर सगळ्यांना सारखे करतो.'

सगळा दावा याच वाक्यावर उभा आहे आणि तेच चूक आहे. पॅकमधल्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे चार्जिंगचा करंट आठही जणींतून सारखाच वाहतो. एकीला जास्त, दुसरीला कमी देण्याची सोय चार्जरकडे नसते. त्याला फक्त पॅकची दोन टोके दिसतात.

हिशेब करून पाहू. ५ अँपिअरचे दिवे ३ तास चालले, तर त्या दोन बॅटऱ्यांतून १५ अँपिअर-तास जादा गेले. सुमारे २२५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ही सहा-सात टक्के तूट झाली. कार्ट चार्जिंगला लावली की उरलेल्या सहा आधी भरतात, त्यांचा व्होल्टेज चढतो, एकूण बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचते आणि चार्जर हात आखडता घेतो. त्या दोघी अर्ध्यापोटीच राहतात. दुसऱ्या दिवशी जुन्या तुटीवर नवी तूट.

लेड-ॲसिड बॅटरी अशी अपुरी भरलेली राहिली की प्लेटांवर साठलेले सल्फेट कडक होत जाते आणि तेवढी क्षमता कायमची जाते. तूट भरून काढायला चार्जर जास्त वेळ चालू ठेवावा, तर आधीच भरलेल्या सहा बॅटऱ्या ओव्हरचार्ज होतात. त्यांच्यातले पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जाते. पूर्ण चार्जनंतर झाकणे उघडून हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी; चार्ज जितका जास्त, तितकी घनता जास्त) लावला की हे डोळ्यांनी दिसते. सहा बॅटऱ्यांत तरंगकाटी १.२७५ च्या आसपास उभी राहते, पण पाणी प्लेटांच्या कडेपर्यंत उतरलेले असते. तारा काढलेल्या दोघींत पाणी बऱ्यापैकी असते, पण काटा १.२३० च्याही वर जात नाही. एकाच पॅकमध्ये काही उपाशी, काही अति खाल्लेल्या.

याहून वाईट प्रकार चढावर होतो. पॅक उतरत आला की या दोघी सर्वांत आधी रिकाम्या होतात, पण बाकीच्या अजून करंट ढकलत असतात. मग रिकाम्या सेलची (बॅटरीतल्या एकेका कप्प्याची) ध्रुवता उलटते, म्हणजे प्लसचे मायनस होते. असा सेल क्वचितच पूर्वपदावर येतो.

'लोड किरकोळ असतो.'

अर्ध्या अँपिअरचा एलईडी दिवा रोज तासभर लागत असेल, तर चार्जिंगच्या शेवटी मिळणाऱ्या जादा चार्जमध्ये ती तूट भरून निघते, हे मला मान्य आहे. पण तिथेच कोणी थांबत नाही. दिव्यानंतर पंखा येतो, मग ॲम्प्लिफायर येतो, आणि सगळे त्याच दोन बॅटऱ्यांवर लादले जाते. 'दर महिन्याला तारा दुसऱ्या जोडीवर हलवा' हा उपायही सांगितला जातो. त्याने एका जोडीऐवजी सगळ्या जोड्या पाळीपाळीने अर्धवट राहतात.

पॅक ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांचा असेल तर १२ चा मेळच बसत नाही. लोक दोघींवरून १६ व्होल्ट काढतात. कार्ट चार्जिंगला असताना तेच २० च्या घरात जातात आणि १२ व्होल्टची वस्तू जळते. मध्ये रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवायचा प्रयत्न तर करूच नये. उतरणारा व्होल्टेज करंटबरोबर बदलतो आणि उरलेली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

'निगेटिव्ह चासीला जोडा.'

मोटारगाडीत बॉडी म्हणजे निगेटिव्ह. गोल्फ कार्टमध्ये चासी सहसा पॅकला जोडलेलीच नसते आणि तशी ती राहू द्यावी. समजा, हॉर्न पहिल्या जोडीवर आणि दिवे तिसऱ्या जोडीवर घेतले आणि दोन्हींचे निगेटिव्ह चासीला लावले. मधल्या चार बॅटऱ्या म्हणजे २४ व्होल्ट तिथल्या तिथे शॉर्ट. तार लाल व्हायला काही सेकंद पुरतात. रेडिओची धातूची पेटी किंवा अँटेनाचा बोल्ट तुमच्या नकळत हेच करू शकतो. प्रत्येक वस्तूला दोन तारा ओढा.

'कन्व्हर्टर वीज खातो.'

१२ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॅट. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर तो ४८ व्होल्टच्या पॅकमधून सुमारे २.८ अँपिअर घेतो आणि वाया जातात १३ वॅट. आता मोटर पाहा. ४८ व्होल्टच्या कार्टसाठीच्या बॅटरीची क्षमता उत्पादक ५६ अँपिअरवर किती मिनिटे चालते अशी देतात, म्हणजे अडीच हजार वॅटच्या वर. तिथे १३ वॅट कुठे दिसणार? मुख्य म्हणजे कन्व्हर्टर पॅकच्या दोन टोकांना जोडलेला असतो, त्यामुळे सगळ्या बॅटऱ्या सारख्याच उतरतात.

कन्व्हर्टर आयसोलेटेड घ्या, म्हणजे ज्याच्या ४८ आणि १२ व्होल्टच्या बाजू आतून एकमेकींना जोडलेल्या नसतात असा. त्याची इनपुट मर्यादा नीट वाचा, कारण ४८ व्होल्टचा पॅक चार्जिंगच्या शेवटी ६० च्या पुढे जाऊ शकतो. कन्व्हर्टर चावीवर किंवा रिलेवर (चावीने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) ठेवा. नुसता बसून २० मिलिअँपिअर खाल्ले तरी महिन्याला १४ अँपिअर-तास होतात. फ्यूज पॅकच्या पॉझिटिव्हजवळच बसवा. इथे मोटारगाडीचा साधा ब्लेड फ्यूज चालणार नाही, तो ३२ व्होल्टचा असतो. ४८ व्होल्टवर तो उडाला तरी आत ठिणगी तशीच पेटती राहू शकते. ५८ किंवा ८० व्होल्ट डीसीचा फ्यूज मागा.

क्लब कार या कंपनीच्या काही ४८ व्होल्टच्या गाड्यांत किती वीज वापरली हे मोजून त्यावर चार्जिंग ठरवणारा संगणक असतो. तिथे कन्व्हर्टरची निगेटिव्ह तार थेट बॅटरीला लावली तर तो वापर मोजलाच जात नाही आणि पॅक थोडा थोडा अपुरा भरतो. अशा गाडीत ती तार मोजणीतून जाईल अशीच जोडायला हवी.

'लिथियमला तर काहीच होत नाही.'

उलट तिथे चूक लवकर भोवते. १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकमध्ये एक सेल ३.६५ व्होल्टच्या आसपास पोचला की बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारे पॅकमधले सर्किट) चार्जिंग तोडतो. मधूनच वीज काढलेले सेल मागे पडलेलेच राहतात, आणि बॅलन्सिंगचा, म्हणजे सेल सारखे करण्याचा, करंट सहसा इतका बारीक असतो की ती तूट भरत नाही. डबा उघडून मधली तार शोधू नका.

ज्यांनी आधीच तारा काढल्या आहेत, त्यांनी त्या आजच सोडवाव्यात. पूर्ण चार्ज करून कार्ट काही तास उभी ठेवा, मग प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज आणि प्रत्येक सेलची घनता लिहून काढा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जआधी त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीचे चार्जनंतर. मग इक्वलायझिंग चार्ज (मागे पडलेले सेल भरावेत म्हणून मुद्दाम लांबवलेला चार्ज) द्या, हवा खेळती ठेवून आणि ठिणगी दूर ठेवून. चार्ज दर तासाला तपासत चला. मागे पडलेल्या सेलची घनता तीन वेळा तपासूनही चढली नाही, तर ती बॅटरी बदला आणि तिच्या जागी शक्यतो त्याच वयाची घ्या.