‘पाच मिनिटांत, निम्म्या पैशांत झालं असतं’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीत देतो. इथे ब्रिटनमध्ये अशा गाड्या हौसेने घेणारी आपली माणसं आता बरीच आहेत, त्यांच्याही कामाला येईल.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. पोर्श ३५६ स्पीडस्टर या जुन्या गाडीच्या रेप्लिकाचा, म्हणजे तशीच दिसणाऱ्या नव्याने बांधलेल्या गाडीचा, विमा काढायला तुम्ही आमच्याकडे, म्हणजे विमा दलालांकडे, आलात. आम्ही फोटो मागितले, इंजिन नंबर मागितला, बिलं मागितली आणि आठवडाभर तुम्हाला ताटकळत ठेवलं. शेवटी जो कोट, म्हणजे प्रीमियमचा आकडा, दिला तो विम्याच्या दरांची तुलना करणाऱ्या वेबसाइटवर दिसलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला. वर पॉलिसीवर ‘पोर्श’ लिहायला आम्ही नकार दिला आणि गाडीची किंमत तुम्ही सांगितली त्यापेक्षा कमी धरली. ‘कमिशनसाठी घाबरवतात’ हे तुमचं शेवटचं वाक्य.

तुमच्या फाइलमधले आकडे मी चारचौघांत मांडणार नाही, ती तुमची खासगी माहिती आहे. पण आम्ही हे सगळं का विचारतो ते सांगायलाच हवं, कारण पुढच्या ग्राहकालाही मी यातलं सगळं विचारणार आहे.

आधी तो निम्म्या पैशांचा आकडा. वेबसाइटवर नंबर प्लेट टाकली की डीव्हीएलएच्या, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याच्या, नोंदीतून गाडीची माहिती आपोआप भरली जाते. स्पीडस्टरच्या बहुतेक जुन्या रेप्लिका फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवर, म्हणजे तळाच्या चौकटीवर, बांधलेल्या आहेत. चेसिलसारख्या ब्रिटिश कारखान्यांनीही त्या तशाच बांधल्या. त्यामुळे लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, अनेकदा ‘फोक्सवॅगन, १९७१, १२८५ सीसी’ एवढंच राहिलेलं असतं. स्क्रीनवर ती ओळ येते, आपण पुढचं बटण दाबतो, आणि विमा उतरतो तो पन्नास वर्षं जुन्या एका साध्या बीटलचा. तो स्वस्तच असणार! गॅरेजमधली गाडी मात्र फायबरग्लासच्या बॉडीची, जोड कार्ब्युरेटरच्या १७७६ सीसी इंजिनची, पुढे डिस्क ब्रेक बसवलेली, आणि किंमत बीटलच्या कितीतरी पट. या गाडीचा विमा त्या पाच मिनिटांत कुणीच उतरवलेला नसतो.

बीटल आणि स्पीडस्टरचं नातं तसं जुनं आहे. फर्डिनंड पोर्श यांनी बीटल घडवली आणि त्यांचे चिरंजीव फेरी यांनी १९४८ साली तिच्याच भागांच्या आधाराने ३५६ रस्त्यावर आणली. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, चार सिलिंडरचं. स्पीडस्टर आली १९५४ साली. अमेरिकेतले आयातदार मॅक्स हॉफमन यांनी लकडा लावला होता की तीन हजार डॉलरच्या आत बसेल अशी साधी उघडी गाडी द्या, म्हणून ती निघाली. आज तीच अस्सल गाडी काही लाख पौंडांना जाते, आणि म्हणून आपल्यासारखे लोक रेप्लिका घेतात. मला ही गाडी मनापासून आवडते. तुमचीही आवडली. पॉलिसीवर ‘पोर्श’ लिहिलं नाही यात तुमच्या गाडीला कमी लेखण्याचा हेतू कुणाचाच नव्हता.

गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या रकान्यात ‘पोर्श ३५६, १९५७’ असं लिहिलं की ते कायद्याने चुकीचं निवेदन ठरतं. ग्राहकांच्या विम्यासाठी इथे २०१२ चा कायदा आहे. विचारलेल्या प्रश्नाला वाजवी काळजी घेऊन खरं उत्तर देणं ही त्यात ग्राहकाची जबाबदारी आहे. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं सांगितलं असेल तर विमा कंपनी पॉलिसी मुळापासून रद्द धरू शकते, क्लेम नाकारू शकते आणि प्रीमियमही ठेवून घेऊ शकते. नुसता निष्काळजीपणा असेल तर प्रमाणात पैसे मिळतात: खरा प्रीमियम ६०० पौंड असायला हवा होता आणि तुम्ही २४० भरले, तर क्लेमचे ४० टक्केच हाती येतात. आणि खरी माहिती असती तर या गाडीचा विमा आम्ही उतरवलाच नसता, असं कंपनीने दाखवून दिलं तर प्रीमियम परत मिळतो, क्लेम मिळत नाही. समोरच्या माणसाचं नुकसान कंपनीला भरून द्यावं लागतं खरं, पण ते पैसे ती नंतर तुमच्याकडे मागू शकते.

हे कागदावरचं भय नाही. आमच्याकडे नंतर आलेल्या एका गृहस्थांच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि त्यांनीच सांगितलंय की लोकांना सांगा. त्यांची रेप्लिका तुमच्यासारखीच. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, त्या कडक होऊन चिरतात. यांच्या कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी चालत्या गाडीत फुटली आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनवर पडलं. माणूस सुखरूप बाहेर पडला, हे सगळ्यात मोठं. पण फायबरग्लास एकदा पेटलं की थांबत नाही. रस्त्याकडेला उरलं ते काळं पडलेलं फ्लोअरपॅन आणि इंजिन.

विमा कंपनीचा असेसर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, आला. त्याने इंजिनचं एक सिलिंडर उघडून घेतलं आणि कॅलिपरने आतला व्यास मोजला. भरला ९०.५ मिलिमीटर. बीटलच्या १३०० इंजिनचा असतो ७७. पॉलिसीवर लिहिलेलं होतं: फोक्सवॅगन बीटल, १२८५ सीसी, फेरफार काही नाही. त्या गृहस्थांनी लपवाछपवी केली नव्हती. वेबसाइटने जे भरून दिलं ते त्यांनी तसंच राहू दिलं होतं. कंपनीने त्याला निष्काळजीपणा म्हटलं आणि बाजारभावाचा एक हिस्सा दिला. बाजारभाव कशाचा, तर चांगल्या स्थितीतल्या बीटलचा. एवढ्या पैशांत रंगवलेली नवी बॉडीसुद्धा आली नसती.

म्हणून आम्ही फोटो मागतो: चारी बाजूंचे, आतल्या सीटचे, मीटरचे, मागचं झाकण उघडून इंजिनचे, आणि चासी नंबरचा. बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखालच्या मधल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो आणि रेप्लिकात त्यावर बहुधा कार्पेट चिकटवलेलं असतं. ते उचकटायला तुम्हाला त्रास झाला हे मला कळतं. पण त्या एका फोटोने गाडीची ओळख पक्की होते. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद लॉगबुकात करून घेणं हेही मालकाचंच काम आहे आणि ते विम्याआधी झालेलं बरं. आठवडा गेला तो यात.

आता किंमत. इथे आपली मंडळी हमखास गोंधळतात, आणि त्याला कारण आपली भारतातली सवय आहे. तिकडे पॉलिसी काढताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ठरते. गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो, पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचा आकडा दोघांच्या संमतीने ठरतो, आणि गाडी पूर्ण गेली की तो आकडा धरून हिशेब होतो. इथल्या साध्या पॉलिसीत तसं नसतं. ‘गाडीची किंमत’ या रकान्यात तुम्ही ४०,००० पौंड भरलेत तरी कंपनी देते तो अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव. नेहमीच्या गाडीचा बाजारभाव दरपुस्तिकेत सापडतो. रेप्लिकाचा तिथे नसतो. तिथे बीटल असते आणि अस्सल पोर्श असते. मग वाद सुरू होतो, आणि तो गाडी जळून गेल्यावर सुरू होतो.

यावर उपाय एकच, ॲग्रीड व्हॅल्यू. आकडा आधीच लेखी ठरवायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, आणि टोटल लॉस झाला, म्हणजे गाडी पूर्ण गेली, तर तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा करून तोच आकडा मिळतो. पण हा आकडा मनाने लिहिता येत नाही. तशाच बांधणीची, तशाच इंजिनची रेप्लिका सध्या किती किमतीला विकली जातेय आणि बांधणारा आज तशी गाडी उभी करायला किती मागतो, हे दाखवावं लागतं. तुम्ही रिव्ह्यूमध्ये लिहिलंत की स्वतःच्या हाताने हिवाळे घालवून गाडी पूर्ण केली आणि त्या मेहनतीचे पैसे आम्ही धरले नाहीत. मेहनत दिसते, फिनिशिंगमध्ये अगदी स्वच्छ दिसते. पण विकत घेणारा त्या तासांचे पूर्ण पैसे देत नाही, आणि कंपनीही देत नाही. फुगवलेल्या आकड्यावर तुम्ही दरवर्षी जास्त प्रीमियम भरला असता, आणि कंपनीने पुरावा मागितल्यावर तो आपल्याकडे नसता. स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या, अशा गाड्यांच्या क्लबकडूनही होतं. त्यात आकडा वाढला तर आम्ही तो कंपनीपुढे नक्की मांडू. आणि काही पॉलिसींमध्ये हा आकडा ठरावीक मुदतीत नव्याने सिद्ध केला नाही तर गुपचूप बाजारभावावर येतो. ती मुदत वाचून ठेवा.

एक गोष्ट वेबसाइटच्या कोटमध्ये तुम्ही पाहिली नसेल: टोटल लॉसनंतर सांगाडा कुणाचा? साध्या पॉलिसीत तो कंपनी घेऊन जाते. स्वतः बांधलेल्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, सीट असं बरंच काही वाचलेलं असू शकतं. आमच्या कोटमध्ये तो सांगाडा तुम्हाला ठेवता येईल असं कलम आहे. दुरुस्ती कुठे करायची हेही तुम्ही ठरवायचं, कारण पत्र्याचं काम करणाऱ्या नेहमीच्या गॅरेजला फायबरग्लासची डागडुजी जमतेच असं नाही.

मैलांची मर्यादा, रात्री गॅरेजमध्ये ठेवण्याची अट आणि घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असणं, या तिन्ही अटींमुळेच असा प्रीमियम आवाक्यात राहतो. मर्यादा कमी वाटत असेल तर वाढवून घेता येते. मित्राच्या मुलाच्या लग्नात नवरानवरीला हौसेने फिरवलंत तर हरकत नाही. त्याचे पैसे घेतलेत की तो भाड्याचा व्यवसाय झाला आणि ही पॉलिसी तिथे लागू नाही. ट्रॅकवर न्यायची असेल तर वेगळा विमा.

कमिशनबद्दल. आमचं शुल्क कोटमध्ये वेगळ्या ओळीत, पौंडांत लिहिलेलं आहे, आणि तुम्ही कुठलीही कंपनी निवडलीत तरी ते तेवढंच राहतं. एकूण आकड्यात १२ टक्के विमा करही आहे, तो सरकारचा. ‘घाबरवतात’ हा शब्द मला लागला. माझ्या माणसाने तुम्हाला जे सांगितलं तेच त्याने स्वतःच्या भावाला सांगितलं असतं.

तुम्ही आमच्याकडूनच विमा घ्यावा असा आग्रह नाही. तो स्वस्त कोट घेतला असेल तर त्याची कागदपत्रं मला पाठवा, मी स्वतः वाचून सांगतो, पैसे लागणार नाहीत. त्यात तीन गोष्टी शोधा: गाडीच्या वर्णनात रेप्लिका आणि बांधणाऱ्याचं नाव आहे का, इंजिन १७७६ लिहिलंय का, आणि ॲग्रीड व्हॅल्यूचा आकडा छापलेला आहे का. तिन्ही असतील आणि तरीही निम्म्या पैशांत मिळत असेल, तर ती जरूर घ्या, आणि कुठून घेतलीत ते मलाही सांगा. नसतील तर पॉलिसी मिळाल्यापासून १४ दिवसांत ती रद्द करता येते. जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्याचे पैसे आणि काही शुल्क कापलं जाईल.

आणि या उत्तरानेही समाधान झालं नाही तर रीतसर लेखी तक्रार करा. आम्ही आठ आठवड्यांच्या आत अंतिम उत्तर द्यायला बांधील आहोत. ते पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, त्याला खर्च नाही. तोपर्यंत गाडी गॅरेजमध्ये असली तरी आग आणि चोरीचा विमा चालू ठेवा, आणि कार्ब्युरेटरच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत का ते या आठवड्यातच बघून घ्या.