चालतंय की, मग कशाला बदलायचं?

ज्यांच्या दुकानात, प्रेसमध्ये किंवा कारखान्यात संगणक चालवणारी जुनी विंडोज एक्सपी अजून सुखाने नांदते आहे, अशा सर्व चाणाक्ष मंडळींना सप्रेम नमस्कार. तुमच्यामागे सध्या बरेच लोक लागलेत. पुण्याहून सुट्टीला आलेला पोरगा, टॅक्सवाला, संगणकाचा नवा शोरूम टाकलेला मेहुणा. सगळ्यांचं एकच पालुपद: 'अप्पा, हे आता बदला.' अजिबात घाबरू नका. त्यांना वाटेला कसं लावायचं ते सांगतो.

आधी तारखेचा मुद्दा येईल. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच बंद केला, असं पोरगा ऐकवेल. तुम्ही शांतपणे विचारायचं, कसला सपोर्ट? तुमच्या सीपीयूत एक्सपी टाकली ती गल्लीतल्या पोराने, एक सीडी आणि एका चहाच्या बोलीवर. ज्या वस्तूची पावतीच कधी फाटली नाही, तिचा सपोर्ट संपला म्हणून सुतक कोणी पाळायचं? शिवाय समोर माणसं कोणती आहेत तेही बघावं. बेळगावच्या या सीमाभागाने १९५६ पासून महाराष्ट्रात जायचा हट्ट सोडलेला नाही आणि त्याचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे. इथल्या माणसाला अमेरिकेतून कुणी तारीख द्यायची आणि त्याने ती मुकाट पाळायची? तारखा आम्ही लई बघितल्यात.

मग त्याला शहाण्यांचे हाल दाखवा. जो वेळच्या वेळी विंडोज सातवर गेला, सातवरून दहावर गेला, त्याला १४ ऑक्टोबर २०२५ ला सांगण्यात आलं की दहाचीही मुदत संपली, आता अकरा घ्या. अकरा घ्यायला जावं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर असला तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१६ साली घेतलेला, अजून टकाटक चालणारा संगणक या चाळणीतून खाली पडतो. मग ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मागा, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं काढा, पासवर्ड विसरा, पुन्हा काढा. (धडधाकट यंत्रं अशी भंगारात ढकलणं मलाही पटत नाही. पण तो राग तुमच्या उपयोगाचा असल्याने इथे वापरून घ्या.) तुम्ही या भानगडीत कुठेच नाही. न सुधारल्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुठल्या बाबतीत मिळतो?

खडेबाजार, गणपत गल्लीच्या आसपासच्या प्रेसवाल्यांची बाजू तर सगळ्यात भक्कम. पानं जुळवायच्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली, एक्सपीही त्याच वर्षी. आता एकीला घरातून काढलं तर दुसरीने जायचं कुठे? त्यात मराठी फॉन्टच्या जुन्या श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे खोचल्याशिवाय ती चालत नाही अशी किल्ली आहे, कन्नड टायपिंगसाठी नुडी आहे. नवरा शहापूरचा आणि नवरी गोकाकची असली की पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. बाहेर पाट्यांवरून काय व्हायचं ते होवो, तुमच्या फॉन्टच्या फोल्डरात दोन्ही भाषा कित्येक वर्षं न भांडता राहतात. ही शांतता मोडायचं पाप करू नका.

फक्त एक काळजी घ्या. तुमची फाइल दुसऱ्या कुणाच्या संगणकावर कधी उघडू देऊ नका. तो जुना श्रीलिपीचा फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखाच कळणारा, नाही. रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली असतात, इतकंच. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' उघडलं की कंस, डॉलरच्या खुणा आणि टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं यांची वरात निघते. म्हणजे गेल्या वीस वर्षांत तुम्ही छापलेल्या पत्रिका, पंचवीस गावांचे जत्रेचे हँडबिल, पतसंस्थांचे अहवाल हे सगळं वाचू शकणारं यंत्र उरलंय एकच, आणि त्याचा पंखा घरघरतोय. त्या मजकुराचं युनिकोड करून देणारी साधनं मिळतात. कुणी त्यांचं नाव काढलं तर लगेच कागदाच्या भावावर बोलायला लागा. जुन्या फाइलीत नुसती नावं बदलून नवी पत्रिका काढण्यातली मजा त्यांना काय कळणार? मागच्या लग्नातला एखादा मामा 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणत तसाच राहतो आणि दुसऱ्याच मांडवात आग्रह करतो, तेवढीच करमणूक.

आता व्हायरस. सोपा उपाय म्हणजे नेटची वायर काढून टाका. तसंही एक्सपीवर क्रोमने २०१६ साली आणि फायरफॉक्सने २०१८ साली हात वर केले, जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, मग वायर ठेवून करायचं काय? रिटर्नचे आकडे पेनड्राइव्हवर घालून टॅक्सवाल्याकडे पाठवा. तो पेनड्राइव्ह टॅक्सवाल्याकडून झेरॉक्सवाल्याकडे, तिथून पोराच्या कॉलेजात आणि संध्याकाळी परत तुमच्या सीपीयूत येईल. येताना सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतील. त्याला व्हायरस म्हणू नका, पाहुणचार म्हणा.

१२ मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचं उदाहरण कुणी दिलं, तर ते तुमच्याच पथ्यावर पडतं. दीडशेच्या आसपास देशांत संगणक कुलूपबंद झाले, सोडवायला तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये मागितले, ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत रुग्णांच्या वेळा रद्द झाल्या. बोंब झाली एक्सपीची, पण सापडले ते बहुतेक विंडोज सातवाले. एक्सपीवर तो बऱ्याचदा नीट चालायचाच नाही, यंत्रच निळा पडदा दाखवून झोपायचं. चोराला घर पोखरता येईना, कारण हात लावताच भिंत पडत होती! सातवाल्यांसाठी त्या भोकाला ठिगळ मार्चमध्येच आलं होतं आणि त्यांनी ते लावलं नव्हतं, हे वाक्य मात्र वाद घालताना गाळायचं.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपवाल्यांना मी काही शिकवणार नाही, कारण त्यांचं म्हणणं खरंच आहे. लाखो रुपयांचं, संगणकी प्रोग्रामवर धातू कापणारं सीएनसी मशीन अजून चोख माल काढतंय. त्याला प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं, नऊ पिनांच्या केबलीने. ते पोर्ट आजच्या लॅपटॉपला दिसत नाही. संगणकापायी मशीन कोण बदलणार? अशा ठिकाणी तो संगणक नेटपासून तोडून ठेवायचा आणि डिस्कचं घोस्ट मारून, म्हणजे हुबेहूब नक्कल करून, ती दुसरी डिस्क कपाटात ठेवायची, एवढं केलं की झालं. पण बहुतेकांनी नेमक्या त्याच संगणकाला वायफायचं बटण खोचलेलं असतं. दुपारी क्रिकेटचा स्कोअर बघायला.

अथणी, चिक्कोडीकडच्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर जुनं यंत्र असेल, तर तिथेही घाई नको. ऐन हंगामात ते लटकलं तर ट्रॉल्यांची रांग लागते, उन्हात ऊस वाळतो, वजन घटतं. घटू दे. तो ऊस कुठे आपला असतो?

यंत्राची निगा मात्र मनापासून राखा. मदरबोर्डवरचा गोल सेल उतरला असेल, तर लाईट गेली की तारीख मागे पळते आणि सकाळी एफ वन दाबल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. रोज दाबा. जीएसटी देशात १ जुलै २०१७ ला आला, तुमच्या बिलावर तो २००२ सालीच लागू झालेला दिसेल. गिऱ्हाईक तारीख वाचत नाही. सेल केवढ्याला येतो ते विचारू नका, विचारलं तर बदलावा लागेल. खंडेनवमीला सीपीयूला झेंडूचा हार घाला, सीडीच्या खणावर हळदीकुंकू लावा. पाकळ्या आत ओढल्या जाऊन पंखा अडकला तर पेन्सिलीने ढोसा.

आणि एखाद्या दिवशी, लग्नसराईतच, हार्डडिस्क कट्-कट् आवाज काढायला लागेल. इंजिनिअर येईल, सीपीयूला कान लावेल, विचारेल, "अप्पा, बॅकअप हाय काय?"

मान ताठ ठेवून सांगायचं, "हाय की. रोज डी ड्राइव्हला घालतोय."

"सी आणि डी एकाच डिस्कवर असतात हो."

"असू दे की. तू नवी डिस्क घाल, खरं एक्सपीच टाक हां."